'सर्व'चं उलट 'एकही नाही' का नसतं?

प्रश्न अकरावीत तर्कशास्त्र घेतलेल्या अंधेरीच्या एका मुलीचा आहे. चाचणीत विधान होतं, 'सर्व रिक्षावाले जवळचं भाडं नाकारतात', आणि त्याचं व्याघाती विधान लिहायचं होतं. तिने लिहिलं, 'एकही रिक्षावाला जवळचं भाडं नाकारत नाही'. गुण शून्य. ती विचारते: हे चूक कसं? विपरीत आणि व्याघाती यांतला फरक पाठ करते, पण दुसऱ्या दिवशी विसरते, तो लक्षात कसा ठेवायचा? 'काही'च्या पोटात 'सगळे' कसे मावतात? आणि पुस्तकात लिहिलंय की 'सर्व' खरं असेल तर 'काही' खरं असतंच, तर क्लासचे सर म्हणतात की तसं सांगता येत नाही. मग कोणाचं धरू?

मी मुंबईत एकोणतीस वर्षं हा विषय शिकवत आले. गुण गेले ते बरोबर गेले, हे आधी सांगते, म्हणजे तुझ्या मॅडमवरचा राग उतरेल आणि आपण कामाला लागू.

तू लिहिलेलं विधान मूळ विधानाच्या विरुद्ध आहे, यात वाद नाही. दोन्ही एकाच वेळी खरी असणं शक्य नाही. पण दोन्ही एकाच वेळी खोटी असू शकतात, आणि अंधेरी स्टेशनबाहेर ती रोज असतात. पाच जण मान हलवून पुढे जातात, सहावा म्हणतो 'बसा'. त्या सहाव्याने मूळ विधान खोटं पाडलं आणि आधीच्या पाचांनी तुझं. व्याघाती विधान असं लागतं की मूळ पडलं की ते उभं राहिलंच पाहिजे आणि ते पडलं की मूळ उभं राहिलंच पाहिजे. मधे तिसऱ्याला बसायला जागा नको. तुझ्या दोन विधानांच्या मधे तर अख्खा रिक्षा स्टँड बसतो. बरोबर उत्तर, 'काही रिक्षावाले जवळचं भाडं नाकारत नाहीत'.

चूक का होते, ते बघण्यासारखं आहे. घरात आपण दिवसभर एकेकट्या माणसाविषयी बोलतो. 'बाबा आले.' 'बाबा आले नाहीत.' क्रियापदाला 'नाही' लावलं की काम झालं, कारण बाबा एकच, मधली अवस्था नाही. एकवचनी विधानात विपरीत आणि व्याघाती वेगळे पडत नाहीत. तीच सवय आपण 'सर्व'ला लावतो. 'सर्व नाकारतात', म्हणून 'नाकारत नाहीत'. इथे 'नाही' जाऊन बसलं 'नाकारणे'वर. ते पडायला हवं होतं 'सर्व'वर. मूळ विधानातला दावा नाकारण्याचा आहेच, पण त्याचं वजन 'एकूण एक' या भागावर आहे, आणि तो दावा मोडायला एक सभ्य रिक्षावाला पुरतो. 'नाही' कोणावर पडतंय, एवढं बघायची सवय लागली की या धड्याचा निम्मा भाग आपोआप सुटतो. पुढे जर-तरच्या विधानांतही हीच खोड निघेल.

आता मुळापासून, पण भराभर. विधान म्हणजे जे खरं किंवा खोटं ठरू शकतं ते वाक्य. दादरच्या फलाटावर उभी राहा आणि ऐक. 'विरारकडे जाणारी जलद लोकल दहा मिनिटं उशिरा धावत आहे' हे विधान. 'कृपया चालत्या गाडीत चढू नका' हे विधान नव्हे, ती विनंती. तिला खोटी म्हणता येत नाही, धुडकावता येते. 'ही बोरिवलीला थांबते का?' हा प्रश्न. आणि लोकल दहाऐवजी पंचवीस मिनिटं उशिरा आली तरी ती घोषणा विधानच राहते, फक्त खोटं विधान. पुष्कळ मुलं 'विधान म्हणजे खरं वाक्य' असं लिहून येतात, तू लिहू नकोस.

उद्देश्य आणि विधेय यांचा संबंध विनाअट सांगणाऱ्या विधानांना निरुपाधिक म्हणतात. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्यांचा विचार मांडला, आणि त्यांच्या नात्यांचं चौकोनाचं चित्र पुढच्या लोकांनी काढलं: चार कोपऱ्यांवर चार प्रकारची विधानं, बाजूंवर आणि कर्णांवर त्यांची नाती. दोन गोष्टी बघायच्या. विधान सगळ्यांविषयी आहे की काहींविषयी, आणि होकारार्थी आहे की नकारार्थी. दोन दुणे चार. 'पळसाला पानं तीनच' ही म्हण सर्ववाची होकारार्थी. 'हार्बर मार्गाची एकही लोकल दादरला थांबत नाही' हे सर्ववाची नकारार्थी (आणि खरंही, हार्बर वडाळ्यावरून जाते, दादरला शिवतच नाही). 'काही जलद लोकल भायखळ्याला थांबतात' अंशवाची होकारार्थी. 'काही लोकल कल्याणच्या पुढे जात नाहीत' अंशवाची नकारार्थी. यांना अनुक्रमे ए, ई, आय, ओ म्हणतात. ही अक्षरं लॅटिनमधून आली आहेत: 'अफिर्मो' म्हणजे 'मी होकार देतो', त्यातले पहिले दोन स्वर ए आणि आय होकारार्थींना दिले, 'नेगो' म्हणजे 'मी नाकारतो', त्यातले ई आणि ओ नकारार्थींना. पुस्तकागणिक मराठी नावं बदलतात, कुठे सार्विक, कुठे सर्वव्यापी. तुझ्या पुस्तकात असेल तेच पेपरात लिही, नावावरून भांडण नको.

खरी मेहनत असते रोजची मराठी या चार साच्यांत बसवण्याची, आणि इथे इंग्रजीतून आलेली पुस्तकं आपल्याला फारशी मदत करत नाहीत, कारण आपल्या भाषेचे खाचखळगे वेगळे.

आमच्या परळच्या इमारतीत एकदा सूचनाफलकावर ओळ लागली: 'सर्व सभासदांनी देखभाल खर्च भरलेला नाही.' तिसऱ्या मजल्यावरचे काका पावती हातात घेऊन तणतणत खाली. 'मी एप्रिलमध्येच भरलाय, मला कोणाच्या रांगेत बसवताय?' सेक्रेटरी म्हणतात, 'मी कुठे म्हटलं कोणीच भरला नाही? सगळ्यांनी भरलेला नाही म्हणजे काहींचा बाकी आहे.' दोघंही प्रामाणिक. काकांनी वाक्य ई म्हणून वाचलं, सेक्रेटरींनी ओ म्हणून लिहिलं, आणि मराठी व्याकरण दोघांनाही परवानगी देतं. आपल्याकडे 'नाही' वाक्याच्या टोकाला येतं, त्यामुळे ते जवळच्या क्रियापदाला धरतंय की लांबच्या 'सर्व'ला, हे बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं आणि कागदावर कळत नाही. म्हणून कागदावर 'सर्व ... नाही' असं वाक्य लिहायचंच नाही. ई म्हणायचं असेल तर 'एकाही सभासदाने भरलेला नाही'. ओ म्हणायचं असेल तर 'काही सभासदांनी भरलेला नाही', किंवा 'सर्व सभासदांनी भरला आहे असं नाही'. हे शेवटचं 'असं नाही' फार कामाचं आहे. ते अख्ख्या वाक्यावर झाकणासारखं बसतं.

बोलीत ओ विधानासाठी आपल्याकडे एक पक्कं वळण आहे: 'सगळेच काही वाईट नसतात.' ऐकताच अर्थ कळतो, संदिग्धता नाही. पण त्यातला 'काही' म्हणजे संख्या नव्हे, तो नुसता जोर देतो. 'काही' हा शब्दच मुळात बहुरूपी. 'काही मुलं आली' इथे तो तर्कशास्त्रातला 'काही'. 'खिशात काही नाही' इथे तो थेट ई विधान करतो, खिसा पूर्ण रिकामा. 'मला काही कळलं नाही' म्हणजे शून्य कळलं. 'मला काही गोष्टी कळल्या नाहीत' म्हणजे बाकीच्या कळल्या असाव्यात. 'कोणी'चंही तेच. 'कोणी आलं' म्हणजे निदान एक माणूस, 'कोणी आलं नाही' म्हणजे एकही नाही. पेपरात 'काही' दिसला की लगेच आय किंवा ओ लिहू नकोस, आधी वाक्य मोठ्याने म्हणून बघ. परीक्षेच्या हॉलमध्ये मनातल्या मनात मोठ्याने.

तिसरा खळगा 'च' आणि 'फक्त'. 'या डब्यात फक्त महिला असतात.' हे 'सर्व महिला या डब्यात असतात' असं नाही, त्याच्या उलट दिशेने आहे: 'या डब्यातली प्रत्येक व्यक्ती महिला आहे'. 'फक्त'नंतर येणारा किंवा 'च' लागलेला शब्द विधेय होतो आणि उरलेला भाग उद्देश्य. 'सभासदच मत देऊ शकतात' म्हणजे सर्व मतदार सभासद आहेत. सर्व सभासद मतदार असतील असं त्यातून निघत नाही, थकबाकीदार वगळलेले असू शकतात. (रात्रीच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात पोलीस हवालदार बसलेला असतो, म्हणजे ते ए विधानही काटेकोरपणे खोटं. वर्गात हे कोणीतरी दरवर्षी काढायचंच.)

आता नाती. पाठ करायला तक्ता असतो, पण मी फळ्याच्या कोपऱ्यात दोन प्रश्न लिहून ठेवायचे आणि वर्षभर पुसू द्यायचे नाही. कुठलीही दोन विधानं घे आणि विचार: दोन्ही एकदम खरी असू शकतात का? दोन्ही एकदम खोटी असू शकतात का?

दोन्हींना उत्तर 'नाही' आलं तर व्याघाती: ए-ओ, ई-आय, चौकोनाचे कर्ण. खरी नाही पण खोटी चालतात, तर विपरीत: वरची बाजू, ए-ई. तू लिहिलेलं ते हेच. खरी चालतात पण खोटी नाही, तर उपविपरीत: खालची बाजू, आय-ओ. दोन्हींना 'हो' आलं तर मग बघायचं की एकामुळे दुसरं ओढलं जातं का. ए खरं असेल तर आय मागोमाग येतं, ई खरं असेल तर ओ. या उभ्या बाजू. ओढलंच जात नसेल तर ती विधानं एकमेकांची कोणी लागत नाहीत, 'आज मंगळवार आहे' आणि 'भायखळ्याला जिराफ आहे' यांसारखी.

उपविपरीत मुलांना सगळ्यात विचित्र वाटतं. एक 'आहेत' म्हणतं, दुसरं 'नाहीत' म्हणतं आणि दोन्ही खरी? मी त्यासाठी २६ जुलै २००५ सांगते. तुझा जन्म व्हायचा होता, पण घरी विचार. सांताक्रूझच्या वेधशाळा केंद्रावर २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात, त्याच २४ तासांत, कुलाब्याच्या केंद्रावर सुमारे ७३. 'मुंबईच्या काही केंद्रांवर त्या दिवशी ९०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला' खरं. 'काही केंद्रांवर तेवढा झाला नाही' हेही खरं. मी कुर्ल्याला कमरेएवढ्या पाण्यातून घर गाठलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी कुलाब्याची मैत्रीण निरागसपणे म्हणाली, 'एवढं काय झालं होतं?' आम्ही दोघी एकमेकींना खोटं पाडत नव्हतो. 'काही' म्हणताना मी सांताक्रूझकडे बोट दाखवत होते आणि ती कुलाब्याकडे. उलट दोन्ही खोटी असणं शक्य नाही: 'काही केंद्रांवर झाला' खोटं म्हणजे एकाही केंद्रावर झाला नाही, आणि मग 'काही केंद्रांवर झाला नाही' खरंच होऊन बसतं.

परीक्षेत येतं ते असं: अमुक विधान खरं (किंवा खोटं) धरा, बाकी तिघांचं काय? ए खरं धरलं तर ई खोटं, आय खरं, ओ खोटं; सगळं कळतं. ए खोटं धरलं तर फक्त ओ खरं एवढंच कळतं. ई आणि आय अनिश्चित. इथे मुलं घाबरतात, त्यांना वाटतं रिकामी जागा भरायलाच हवी. 'अनिश्चित' हे पूर्ण गुणांचं उत्तर आहे. सगळे रिक्षावाले नाकारत नाहीत एवढंच कळलं असेल, तर काही नाकारतात की कोणीच नाकारत नाही, हे स्टेशनवर जाऊन बघावं लागेल, चौकोनात बघून सांगता येणार नाही. मी एक खूण सांगायचे: सत्य वरून खाली उतरतं, असत्य खालून वर चढतं. ए खरं तर आय खरं. आय खोटं तर ए खोटं. उलट प्रवास करायला तिकीट मिळत नाही. आय खरं आहे म्हणून ए खरं, हे म्हणजे एक डबा रिकामा दिसला म्हणून पूर्ण लोकल रिकामी म्हणण्यासारखं. उभ्या बाजूंवर एवढं आणि कर्णांवर नेहमीच उलट, इतकं धरून बसलीस तर आठही प्रकार कागदाशिवाय सुटतात.

'काही'च्या पोटात 'सगळे' कसे मावतात, त्याचं उत्तर इथेच दडलंय. आपण बोलताना 'काही मुलं पास झाली' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं काही नापास झाली. तो अंदाज असतो. सगळी पास झाली असती तर मी 'सगळी' म्हटलं असतं, या भरवशावर तो बांधलेला असतो. तर्कशास्त्र हा भरवसा विधानात धरत नाही. त्याच्यासाठी 'काही' म्हणजे निदान एक, वरची मर्यादा नाही. निकालाच्या दिवशी बोर्डाची साइट अडकली आहे, तुला सात जणींचे निकाल कळलेत आणि सातही पास. तू 'काही जणी पास झाल्या' असं प्रामाणिकपणे म्हणू शकतेस. संध्याकाळी सगळ्याच पास निघाल्या तर तुझं दुपारचं वाक्य खोटं ठरलं का? नाही ना. 'काही'मध्ये 'सगळे नव्हे' घुसवलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, आणि शिवाय आय-ई हा कर्ण तुटला असता: सगळ्या पास असताना 'काही पास' आणि 'एकही पास नाही' दोन्ही खोटी पडली असती.

उद्देश्य आणि विधेय यांची अदलाबदल, म्हणजे परिवर्तन, तू विचारलं नाहीस पण पुढच्या चाचणीत येणार. ई आणि आय सरळ उलटतात. हार्बरची एकही गाडी दादरला थांबणारी नाही, तर दादरला थांबणारी एकही गाडी हार्बरची नाही. ए उलटत नाही. 'उथळ पाण्याला खळखळाट फार', मान्य. म्हणून खळखळणारं प्रत्येक पाणी उथळ नव्हे, जुलैतली उल्हास नदी बघ. आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे जुन्या भारतीय तर्कपरंपरेने, हे फार नेमकं हाताळलंय. 'जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर' हा अन्वय. 'जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसं सरोवर' हा व्यतिरेक. दोन्ही एकच गोष्ट सांगतात. पण 'जिथे अग्नी तिथे धूर' कोणी म्हटलं तर नैयायिक, म्हणजे या परंपरेतले पंडित, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतात: अग्नी आहे, धूर नाही. एका गोळ्याने अख्खं सर्ववाची विधान वितळलं. पुन्हा तेच, ए मोडायला एक ओ पुरतो.

व्यतिरेकाचा हा धडा जर-तरच्या विधानांत जसाच्या तसा लागतो. समज, नियम आहे: जर कोणी फर्स्ट क्लासच्या डब्यात असेल तर त्याच्याकडे फर्स्ट क्लासचं तिकीट असलं पाहिजे. चार माणसांविषयी प्रत्येकी एकच गोष्ट माहीत आहे. पहिला फर्स्ट क्लासमध्ये बसलाय. दुसरा सेकंडमध्ये. तिसऱ्याच्या खिशात फर्स्टचं तिकीट. चौथ्याच्या खिशात सेकंडचं. नियम मोडलाय का ते बघायला टीसीने कोणाची चौकशी करायची? पहिल्याचं तिकीट बघायचं, हे सगळे सांगतात. दुसरा निसटतो, सेकंडमध्ये कुठलंही तिकीट घेऊन बसा. तिसराही निसटतो, फर्स्टचं तिकीट काढून सेकंडमध्ये बसला तर त्याची हौस. राहिला चौथा: तो कुठे बसलाय ते बघायलाच हवं. १९६६ मध्ये पीटर वॉसन या मानसशास्त्रज्ञाने हेच कोडं अक्षरं आणि आकडे लिहिलेल्या पत्त्यांवर घातलं तेव्हा बहुतेक लोक चुकले. त्यांनी चौथ्याच्या जागी तिसरा उचलला. माझ्या अनुभवात रोज लोकलने येणारी मुलं हे तिकिटांवर बरोबर सोडवतात, आणि पुढच्या तासाला फळ्यावर चिन्हं आली की चुकतात. म्हणून चिन्हांत अडकलीस की मनात टीसी उभा करत जा.

आणि नकार. 'जर पाऊस पडला तर सामना रद्द होईल', याचा निषेध, म्हणजे व्याघाती विधान, लिहा म्हटलं की निम्मा वर्ग लिहितो, 'जर पाऊस पडला तर सामना रद्द होणार नाही'. ओळखलंस ना? 'नाही' पुन्हा टोकाच्या क्रियापदावर जाऊन बसलं. आजोबा म्हणाले, 'पास झालास तर घड्याळ घेईन.' ते खोटे कधी पडतात? नातू पास झाला आणि घड्याळ आलं नाही, तेव्हाच. नापास झाला आणि तरीही त्यांनी कौतुकाने घेऊन दिलं, तर आजोबा लाडावून ठेवतात म्हणता येईल, खोटं बोलले म्हणता येणार नाही. म्हणून निषेध आहे, 'पाऊस पडला आणि सामना रद्द झाला नाही'. जर-तर गेलं, 'आणि' आलं. हे ए-ओचंच नातं वेगळ्या कपड्यांत: 'सर्व क हे ख आहेत' म्हणजे 'कोणीही क असेल तर तो ख आहे', आणि त्याला पाडणारा ओ म्हणजे 'असा एक आहे जो क आहे आणि ख नाही'. हे दिसलं की सत्यता कोष्टकातली (विधान केव्हा खरं, केव्हा खोटं याच्या तक्त्यातली) ती चीड आणणारी ओळ, पूर्वांग म्हणजे 'जर'चा भाग खोटा तर अख्खं विधान खरं, फारशी खटकत नाही.

'आणि', 'किंवा' यांचा निषेध एका ओळीत उरकते. 'चहा आणि बिस्किटं दिली' याचा निषेध 'चहा दिला नाही किंवा बिस्किटं दिली नाहीत'. दोन्ही दिलं नाही असं नव्हे. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मले, हे मुलांना सांगितलं की नियम लक्षात राहतो. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

आता पुस्तक की क्लासचे सर. तुझे सर चुकीचं सांगत नाहीत, ते पुढचं सांगताहेत.

डब्यात पाटी असते, विनातिकीट प्रवाशांना दंड होईल. ए विधान म्हणून वाच: सर्व विनातिकीट प्रवासी दंड भरतात. एखाद्या दिवशी, चमत्कार समज, एकही विनातिकीट प्रवासी नाही. पाटी खोटी झाली का? कोणीच तसं म्हणणार नाही. पण त्या दिवशी 'काही विनातिकीट प्रवाशांनी दंड भरला' हे मात्र खोटं, कारण भरणारा कोणी नव्हताच. म्हणजे ए खरं आणि आय खोटं! उद्देश्याचा वर्ग रिकामा निघाला की खाली उतरणारं सत्य मधेच अडकतं. आपल्याकडे अशा रिकाम्या उद्देश्यांना जुनी नावं आहेत: वंध्यापुत्र, सशाचं शिंग, आकाशकुसुम. 'सर्व आकाशकुसुमं सुगंधी असतात' आणि 'एकही आकाशकुसुम सुगंधी नसतं', दोन्हींना खोटं पाडणारं एकही फूल कोणी आणून दाखवू शकत नाही, म्हणून आधुनिक वाचनात दोन्ही खरी. मग ए-ई विपरीत राहिली नाहीत. आय-ओ दोन्ही खोटी, म्हणजे उपविपरीतही गेलं. चौकोनाच्या चारही बाजू कोसळतात आणि उरतात फक्त दोन कर्ण.

एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बूल आणि जॉन व्हेन यांच्या वळणाने तर्कशास्त्र गेलं तेव्हापासून हे वाचन रूढ झालं. व्हेनच्या वर्तुळांच्या आकृत्या १८८० च्या. त्यांत 'सर्व' दाखवायला एक भाग रेघांनी भरून 'इथे कोणी नाही' एवढंच सांगतात, आणि 'काही' दाखवायला खूण करून 'इथे कोणीतरी आहे' असं सांगतात. 'कोणी नाही' यातून 'कोणीतरी आहे' कसं निघणार? तुझे सर बहुधा व्हेन आकृत्यांवरून शिकवत असतील. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत मात्र ज्याच्याविषयी बोलतोय ते असतंच, असं धरून चाललेलं असतं. रिक्षावाले, लोकल, पळस यांच्याविषयी बोलताना दोन्ही पद्धतींची उत्तरं जुळतात, कारण ते आहेतच. फरक पडतो तो भूत, आकाशकुसुम आणि विनातिकीट प्रवासी नसलेला दिवस, इथे.

पेपरात काय लिहायचं? प्रश्न पारंपरिक चौकोनाचा असेल, म्हणजे 'विपरीत', 'उपविपरीत' हे शब्द त्यात असतील, तर पुस्तकाचं धर. व्हेन आकृती काढून युक्तिवाद तपासा म्हटलं असेल तर सरांचं. शंका असेल तर उत्तराच्या आधी एक ओळ टाक: 'उद्देश्यपदाने दर्शवलेल्या वस्तू अस्तित्वात आहेत असं गृहीत धरून'. मी तपासत असे तेव्हा ही ओळ दिसली की पेन आपोआप गुणांच्या रकान्याकडे वळायचं. आणि त्या शून्यावर अजून राग असेल तर मॅडमकडे जाऊन विचार, 'मी लिहिलेलं विपरीत विधान होतं ना?' गुण मिळणार नाहीत, पण पुढचा तास बरा जाईल.